सर क्रीकची न ठरलेली रेषा आणि पालघरचे खलाशी

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी मुंबई सरकारने एक ठराव काढला. क्रमांक ११९२. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि त्याला लागून कच्छचे संस्थान होते. गादीवर महाराव तिसरे खेंगारजी होते. रणाच्या पश्चिम टोकाला, समुद्राजवळच्या दलदलीत, जळाऊ लाकडावर हक्क कोणाचा यावरून सिंधचे अधिकारी आणि संस्थान यांच्यात काही वर्षे तंटा चालला होता. दोघांनी आपापले दावे थोडे आवरले, नकाशावर रंगीत रेघा ओढल्या गेल्या आणि तंटा मिटला असे सगळ्यांनी धरले.

त्या ठरावातल्या लागोपाठच्या दोन परिच्छेदांचा अर्थ काय, यावर भारत आणि पाकिस्तान आजही अडून बसले आहेत. त्याची किंमत मोजणारे लोक मात्र ज्या खाडीवरून हा वाद आहे, त्या सर क्रीकच्या काठी राहतच नाहीत. ते पोरबंदर, ओखा, मांगरोळच्या बोटींवर असतात आणि त्यांतले कित्येक आपल्या डहाणू, तलासरी, पालघरच्या पाड्यांवरून मजुरीसाठी गेलेले असतात. हे प्रकरण मी त्यांच्या बाजूने वाचतो. रेषा कुठे असावी हा एक प्रश्न आहे आणि रेषा ओलांडलेल्या खलाशाचे काय करावे हा दुसरा. दोन्ही सरकारांनी हे प्रश्न एकमेकांत गुंतवून ठेवले आहेत. दुसरा सोडवायला पहिल्याचे उत्तर लागत नाही.

खाडी आणि दोन परिच्छेद

सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची, भरती-ओहोटीवर जगणारी खाडी. पश्चिमेला सिंध, पूर्वेला कच्छ. काठावर चिखल, खारफुटी, साप, डास. कायमची वस्ती नाही. तिच्या पूर्वेला कोरी क्रीक, आणि त्या बाजूला कोटेश्वर, नारायण सरोवर, लखपत ही आपल्याला ठाऊक असलेली ठिकाणे. या भागातली जमीन मुळातच एका जागी थांबणारी नाही. १६ जून १८१९ च्या भूकंपात इथे जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला. लोक त्याला अल्ला बंद, म्हणजे अल्लाने घातलेला बांध, म्हणू लागले. सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला, सिंधू नदीचे लखपतकडे येणारे पाणी तुटले आणि एका भरभराटीच्या बंदराची रया गेली. अशा प्रदेशात पाण्याचा प्रवाह ही सीमा मानायची, तर प्रवाह हलला की काय करायचे, हा प्रश्न १९१४ मध्येही अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

ठरावाचा नववा परिच्छेद सीमा सांगताना जोडलेल्या नकाशाचा आधार घेतो. बी-४४ या नकाशावर हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते. ती तशीच धरली, तर सगळी खाडी सिंधची, म्हणजे आज पाकिस्तानची. दहावा परिच्छेद मात्र सिंधच्या आयुक्तांचे म्हणणे नोंदवतो: खाडी वेळोवेळी आपला मार्ग बदलते, म्हणून सीमा नौका जाण्याजोग्या प्रवाहाच्या मध्यावर मानावी. पुढे त्या भागात सीमास्तंभ उभारले गेले आणि १९२५ च्या बी-७४ या नकाशावर सीमा खाडीच्या मध्यातून दाखवली गेली.

भारत दहाव्या परिच्छेदावर, १९२५ च्या नकाशावर आणि थालवेग तत्त्वावर उभा आहे. जलमार्ग ही सीमा असेल तर ती नौकानयनाच्या मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाते, असे ते तत्त्व. पाकिस्तान म्हणतो की हे तत्त्व नौका चालणाऱ्या नद्यांसाठी आहे. ही भरतीची खाडी आहे, बारमाही जलमार्ग नाही. भारताचे उत्तर असे की भरतीच्या वेळी मासेमारीच्या बोटी इथून खुशाल समुद्रात जातात. मला भारताची बाजू अधिक सरळ वाटते, कारण दहावा परिच्छेद नुसती रेघ दाखवत नाही, ती तिथे का असावी याचे कारणही देतो. पण तो हिरव्या रेघेला रद्द करतो असे ठरावात म्हटलेले नाही. पाकिस्तानने नेमके तिथेच बोट ठेवले आहे.

वाद नाही म्हणून सोडलेला भाग

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात कांजरकोटच्या आसपास दोन्ही सैन्यांच्या चकमकी झाल्या. ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने जूनअखेर समझोता झाला आणि सीमेचा प्रश्न त्रिसदस्य लवादाकडे गेला. स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष, भारताने सुचवलेले युगोस्लाव्हियाचे अलेश बेब्लर आणि पाकिस्तानने सुचवलेले इराणचे नसरुल्ला इंतेझाम. पाकिस्तानचा दावा रणाच्या सुमारे ३,५०० चौरस मैलांवर होता. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्याने त्यातला जवळपास नव्वद टक्के भाग भारताकडे ठेवला आणि सुमारे दहा टक्के पाकिस्तानला दिला. त्यात कांजरकोट आणि छाडबेट होते. बेब्लर यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते सगळे रण भारताचे.

भारतात या निवाड्यावर मोठा क्षोभ उसळला. कच्छमध्ये सत्याग्रह झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिकाकर्त्यांत आपले मधू लिमये होते. जानेवारी १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या घटनापीठाने सांगितले की सीमेचा वाद लवादाने मिटवणे म्हणजे देशाचा भूभाग दुसऱ्याला तोडून देणे नव्हे, म्हणून घटनादुरुस्ती लागत नाही. सीमावादाचा असा निवाडा अमलात आणताना पुढच्या सरकारांना या निकालाचा आधार घेता येणार होता.

या सगळ्या गदारोळात सर क्रीककडे कोणाचे लक्ष नव्हते. लवादापुढे दोन्ही देशांनी सांगितले होते की खाडीच्या मुखापासून तिच्या शिरापर्यंतच्या, म्हणजे जमिनीकडच्या टोकापर्यंतच्या, सीमेबद्दल वाद नाही. दोघांनी १९१४ चा ठराव मान्य केला होता. त्यामुळे लवादाने तो तुकडा विचारातून वगळला आणि खाडीच्या शिरापासून पुढची सीमा ठरवली. एकाच्या मनात काठावरची हिरवी रेघ होती, दुसऱ्याच्या मनात प्रवाहाचा मध्य. ठराव मान्य आहे हे एवढेच शब्द दोघांच्या तोंडी सारखे होते. त्या वेळी एखाद्या वकिलाने नकाशावर बोट ठेवून ‘नेमकी कुठे?’ एवढे विचारले असते तर हा तंटा तिथेच उघड झाला असता आणि बाकीच्या रणासोबत मिटलाही असता. या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट माझ्या मते हीच.

समुद्रात रेघ कशी पसरते

१९६८ मध्ये कोणी फिकीर केली नाही याचे कारणही समजण्यासारखे आहे. तेव्हा खाडीच्या दोन काठांमध्ये चिखलापलीकडे काही नव्हते. सागरी कायदा बदलला आणि चिखलाचे मोल बदलले. १९७६ मध्ये दोन्ही देशांनी आपापले सागरी क्षेत्राचे कायदे केले. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार झाला. भारताने तो १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मंजूर केला. या व्यवस्थेत किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवर हक्क देणारे अनन्य आर्थिक क्षेत्र. शेजारी देशांमधली सागरी सीमा जमिनीवरची सीमा जिथे पाण्याला भेटते त्या बिंदूपासून निघते. तो बिंदू खाडीच्या मध्यावर धरा किंवा पूर्व काठावर, फरक काही किलोमीटरचा. पण तिथून निघालेली रेषा २०० सागरी मैल जाईपर्यंत तो फरक शेकडो चौरस किलोमीटर पाण्याचा होतो.

बोलणी १९८९ पासून सुरू झाली आणि बरीच वर्षे तीच ती भूमिका मांडली गेली. भारताने एक वाट सुचवली: खाडीचे राहू द्या, समुद्रातल्या दूरच्या टोकाकडून सीमा आखत किनाऱ्याकडे येऊ, जिथे मतभेद आहे त्याच्या अलीकडे थांबू. पाकिस्तानने नकार दिला. आधी खाडी, मग समुद्र. उलट पाकिस्तानने त्रयस्थ लवादाची कल्पना मांडली, तेव्हा भारताने, आपसातले वाद दोघांनीच सोडवावेत असे सांगणाऱ्या १९७२ च्या सिमला करारावर बोट ठेवले. दोघांच्याही नकारामागे कारणे होती, पण परिणाम एकच झाला.

मधल्या काळात इथे रक्तही सांडले. १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलनंतर काही आठवड्यांत, भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान या भागावर पाडले. आतले १६ जण ठार झाले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जून २००० मध्ये न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आपल्याला नाही असे सांगितले.

एकदा मात्र तोडगा खरोखर हाताशी आला होता. २००५ मध्ये खाडीच्या शिरापासून पूर्वेकडे जाणाऱ्या आडव्या रेषेवरच्या सीमास्तंभांची संयुक्त पाहणी झाली आणि २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या जलआलेखकांनी खाडीची आणि बाहेरच्या समुद्राची संयुक्त मोजणी केली. मे २००७ मध्ये नकाशांची देवाणघेवाण झाली. म्हणजे पाणी किती खोल, प्रवाह कुठून कुठे, मुख कुठे, या वस्तुस्थितीबद्दल दोघांकडे एकत्र मोजलेले आकडे आले. घाईला कारणही होते. २०० सागरी मैलांपलीकडच्या समुद्रतळावर हक्क सांगण्याची मुदत मे २००९ मध्ये संपत होती. ती मुदत दोघांना तडजोडीकडे ढकलेल असा अनेकांचा होरा होता. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, संवाद तुटला. पाकिस्तानने एप्रिल २००९ अखेर आणि भारताने मे महिन्यात आपापले दावे स्वतंत्रपणे सादर केले. मुदत गेली आणि तिच्याबरोबर दबावही. जून २०१२ मध्ये दिल्लीत एक फेरी झाली, तिच्यातून काही हाती आले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना पत्र लिहिले की सर क्रीक पाकिस्तानला देऊ नये. केंद्राने तसा काही विचार नसल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुज इथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पाकिस्तान या भागात लष्करी बांधकाम वाढवत असल्याचे सांगून कराचीचा एक रस्ता सर क्रीकमधून जातो असा इशारा दिला. मोजणीचे नकाशे तसेच पडून आहेत.

भारताला असा वाद मिटवता येत नाही असे नाही. बांगलादेशाने २००९ मध्ये बंगालच्या उपसागरातील सीमेचा प्रश्न लवादाकडे नेला. तिथेही मुद्दा नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मध्याचाच होता. जुलै २०१४ मध्ये निवाडा आला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले, तर एकेकाळी वादाचे कारण असलेले आणि पुढे पाण्याखाली गेलेले न्यू मूर बेट भारताच्या बाजूला आले. भारताने निवाडा स्वीकारला. मोठा वाटा गेला, पण कोळ्यांना आणि तेल शोधणाऱ्यांना आपली हद्द कुठे संपते हे कळले.

पाण्यावरचे लोक

सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ मासळी कमी होत गेली आणि बोटी उत्तरेकडे सरकत गेल्या. सिंधूच्या मुखाजवळचे पाणी समृद्ध आहे. पापलेट, घोळ, कोळंबी तिथे मिळते. बोट मालकाची, तिच्यावरचा निर्णय तांडेलाचा, आणि जाळे ओढणारे खलाशी रोजावर किंवा आधी घेतलेल्या उचलीवर. पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बंदरांवर याच कामाला जातात. बोट किती आत न्यायची हे खलाशाला कोणी विचारत नाही. तरी पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने बोट पकडली की तांडेल आणि खलाशी एकाच कोठडीत जातात. जीपीएस असते, तटरक्षक दलाच्या सूचना असतात, पण ज्या रेषेबद्दल दोन सरकारांचेच एकमत नाही ती कोणत्या यंत्रात नेमकी दिसणार? शिवाय वारा, प्रवाह आणि बंद पडलेले इंजिन यांना सीमा कळत नाही.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याजवळच्या समुद्रात ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानी यंत्रणेने गोळीबार केला. त्यात पालघर तालुक्यातल्या वडराई गावचा एक मच्छीमार ठार झाला. पोरबंदरच्या नवीबंदर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. ही बातमी आपल्याकडे दोन-तीन दिवस चालली. वडराईच्या त्या घराला सर क्रीकच्या नवव्या आणि दहाव्या परिच्छेदाबद्दल काय सांगायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

पकडलेल्यांवर कराचीत खटला चालतो, शिक्षा बहुधा काही महिन्यांची होते आणि तुरुंगवास मात्र वर्षांवर जातो. १ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी मच्छीमार. म्हणजे सिंधच्या किनाऱ्यावरची ८१ घरेही याच वाटेकडे डोळे लावून होती. हे आपण विसरू नये. त्याच दिवशी भारताने शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ मच्छीमार आणि नागरी कैद्यांना सोडण्याची मागणी केली. शिक्षा भोगून झाल्यावरही आत असलेले १५९ लोक.

सुटका होते ती बहुतेकदा राजकीय हवामान बघून. २०१९ मध्ये बालाकोटनंतरचा तणाव ओसरताना पाकिस्तानने ३६० कैदी सोडण्याची घोषणा केली, २०२३ च्या मे-जूनमध्ये सुमारे ४०० मच्छीमार दोन तुकड्यांत अटारी-वाघ्यावरून घरी आले. आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्षा संपलेल्या माणसाला सोडणे ही मेहेरबानी नसते, आणि तिला सदिच्छेचे नाव दिले की पुढच्या तणावात ती थांबवण्याची मुभाही मिळते.

कागदावर आधीच असलेले

दोन्ही देशांनी मंजूर केलेल्या सागरी कायदा कराराचे कलम ७३ सांगते: अनन्य आर्थिक क्षेत्रात परदेशी बोटीने मासेमारीचे नियम मोडले तर बोट आणि खलाशी वाजवी हमी घेऊन लवकर सोडावेत, आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर शिक्षेत तुरुंगवास नसावा. हे कलम १२ मैलांच्या आतल्या प्रादेशिक समुद्राला लागू नाही, आणि अटक नेमकी कुठे झाली यावर वाद होऊ शकतो. पण जिथे सीमाच ठरलेली नाही तिथे संशयाचा फायदा जाळे ओढणाऱ्याला मिळायला हवा, तो आज मिळत नाही.

मे २००८ मध्ये दोन्ही देशांनी वाणिज्य दूतांच्या भेटीबाबत करार केला. त्यानुसार अटकेपासून तीन महिन्यांत दूतावासाला कैद्याची भेट मिळायला हवी, आणि राष्ट्रीयत्व निश्चित होऊन शिक्षा संपली की महिनाभरात त्याला मायदेशी पाठवायला हवे. पहलगामचा हल्ला, ऑपरेशन सिंदूर, बंद झालेली अटारी, एवढे सगळे होऊनही याच कराराखालच्या याद्या १ जुलै २०२५ ला वेळेवर दिल्या-घेतल्या गेल्या. म्हणजे करार जिवंत आहे, त्यातले एक कलम पाळले जाते आणि दुसरे नाही. निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती २००७ मध्ये नेमली होती. ती दोन्हीकडच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांशी बोलत असे. २०१३ नंतर तिच्या भेटी थांबल्या. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचे ठरले, ते ठरण्यापुरतेच राहिले. तटरक्षक दल आणि पाकिस्तानी यंत्रणा यांच्यात २००५ पासून थेट संपर्काची व्यवस्था आहे. बोट पकडल्याची खबर तीतून जाते, बोट परत मात्र सहसा येत नाही. जप्त केलेल्या शेकडो नौका कराचीकडे पडून आहेत आणि त्यांच्यावर काढलेली कर्जे इकडे चालू आहेत.

खाडीचा प्रश्न दिल्ली आणि इस्लामाबादच्या हाती आहे. पण एक काम महाराष्ट्राला कोणाला न विचारता करता येते. खलाशी पालघरचा आणि बोट गुजरातची असली की त्याचे राष्ट्रीयत्व पटवायचे पत्र दोन राज्ये आणि दिल्ली असे फिरत राहते. गावातून हंगामाला निघालेल्या प्रत्येक खलाशाची नोंद तालुक्यालाच झाली, कोणत्या बंदरात, कोणत्या मालकाच्या, कोणत्या क्रमांकाच्या बोटीवर तो आहे हे तहसीलदाराकडे आणि पोलीस ठाण्यात असले, त्याच्या ओळखपत्राची प्रत तिथेच ठेवली, तर पडताळणीचे उत्तर आठवड्यात जाऊ शकते. मालकाने उचल देताना करार लिहून द्यावा आणि अटकेच्या काळात घरी ठरावीक रक्कम पोचवावी, ही अट त्या नोंदीलाच जोडता येईल. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. ही नोंद त्याआधी, जून-जुलैच्या बंदीत, माणसे घरी असताना करायची आहे.